गावातल्या फिल्म्स गावातच दाखवायच्या तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातल्या दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या काही तरुण मुलामुलींनी गेल्या दोन-तीन वर्षांत स्वतःच्या खर्चाने सात माहितीपट केले. सगळ्यात छोटा 8 मिनिटांचा, सगळ्यात मोठा 52 मिनिटांचा, मिळून पावणेतीन तास. डिसेंबरात एका संध्याकाळी ते बडोद्यातल्याच लोकांना दाखवायचे आहेत. कुठले निवडू, सेन्सॉरचं काय, तिकीट लावू का, प्रोजेक्टर कसला घेऊ, आणि बक्षिसं ठेवली तर लोक जास्त येतील का, असं विचारलं आहे.

शेवटापासून सुरुवात करते. बक्षिसं नकोत. सात फिल्म्स, त्यातल्या तीन एकाच ग्रुपच्या, आणि परीक्षक म्हणजे कुणाचे तरी काका. रात्री घरी जाताना पाच जण रुसलेले असतील आणि दुसऱ्या वर्षी तुम्हाला तीनच फिल्म्स मिळतील.

आता मुख्य गोष्ट. 2004 साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात भारतीय फिल्म्सना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली. निर्माते भांडले, अट मागे घेतली गेली, पण निवडीत बऱ्याच बोचऱ्या फिल्म्स गळाल्या. तेव्हा त्या मंडळींनी शेजारीच 'विकल्प' नावाने आपला वेगळा महोत्सव भरवला. त्या हवेत मीही बडोद्यात पडदा लावायला लागले. कधी वाड्याच्या चौकात, कधी शाळेच्या हॉलमध्ये, एकदा तर वऱ्हाड जेवून उठल्यावर लग्नाच्याच मंडपात. इतक्या वर्षांत मला एक कळलं. गावातली फिल्म परगावी दाखवणं आणि तीच गावात दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. परगावी पडद्यावरचा माणूस अनोळखी असतो. त्याचं कर्ज, त्याची दारू, भावाशी असलेलं वाकडं, हे तिथल्या प्रेक्षकाला 'विषय' म्हणून दिसतं. इथे तो भाऊ पाचव्या रांगेत बसलेला असतो.

म्हणून महोत्सवांची पद्धत जशीच्या तशी उचलू नका. निवड, क्रम, सबटायटल, चर्चा, सगळं पडद्यावरच्या माणसाकडे बघून ठरवा. तो हॉलमध्ये असणार आहे, किंवा त्याच्या ओळखीचं कुणीतरी असणारच आहे.

एक किस्सा सांगते. एका मुलाने रिक्षा चालवणाऱ्या गृहस्थांवर फार सुंदर फिल्म केली होती. त्यांनी कॅमेऱ्यासमोर आपलं दारूचं व्यसन आणि पहिली बायको सोडून गेल्याची गोष्ट मोकळेपणाने सांगितली होती. सहीचा कागद होता. फिल्म दोन शहरांत दाखवून झाली होती, वाखाणली गेली होती. आमच्याकडे खेळ सातला होता. सहा वाजता ते गृहस्थ मुलीला घेऊन आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ताई, मुलीच्या सासरकडचे आलेत, लग्न फेब्रुवारीत आहे. मी फिल्म काढून टाकली. दिग्दर्शक माझ्यावर भयंकर चिडला, त्याचं म्हणणं होतं की सही आहे, कला आहे, मी घाबरट आहे. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन. चूक माझीही होती. मी ती फिल्म त्यांना खेळाआधी घरी नेऊन दाखवायला हवी होती.

तर तुमचं पहिलं काम हॉल बुक करणं नाही. सातही फिल्म्स ज्यांच्यावर आहेत, त्यांना त्या त्यांच्या घरी, त्यांच्या टीव्हीवर, घरच्यांसोबत पूर्ण दाखवा. हे निदान दोन आठवडे आधी व्हायला हवं, म्हणजे एखादं वाक्य कापायला वेळ राहतो. 'परवानगी आहे ना?' असं विचारू नका, 'हो' म्हणणं सोपं असतं. असं विचारा की तुमच्या गल्लीतल्या लोकांनी हे बघितलेलं चालेल का. दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात, मी कित्येकदा बघितलं आहे. फिल्ममध्ये अठराच्या आतली मुलं असतील तर आईवडिलांना विचारा आणि मुलांनाही विचारा. चौदा वर्षांच्या मुलीला तिचा रडतानाचा क्लोजअप वर्गातल्या मुलांनी बघावा असं वाटत नसेल, तर तो क्लोजअप कितीही चांगला असला तरी जाऊ द्या.

आता निवड. सातही एका संध्याकाळी दाखवू नका. पावणेतीन तासांच्या फिल्म्स म्हणजे स्वागत, दिवा, पाहुण्यांचं भाषण, चहा धरून साडेचार तास. बोलायला वेळच उरणार नाही, आणि माझ्या मते बोलण्यासाठीच तर हा खटाटोप. तुमच्या यादीवरून मी असं करीन: खंडेराव मार्केटमधल्या फूलवालीची 12 मिनिटांची आधी, मग आखाड्यावरची 14 मिनिटांची, मग दांडिया बाजारातल्या पाडलेल्या वाड्याची 24 मिनिटांची, आणि शेवटी 8 मिनिटांची पुराची. तासाच्या आत चार फिल्म्स झाल्या. विश्वामित्री नदीतल्या मगरींची 52 मिनिटांची दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच ठेवा, तिला लहान मुलंही येतील. बंद पडलेल्या मराठी शाळेची आणि संखेड्याच्या लाकूडकामाची पुढच्या वेळेला. संखेड्याची तर मी आधी संखेड्यातच दाखवीन, लाखेचे रंग चढवणाऱ्या कारागिरांसमोर, आणि मग शहरात आणीन.

पुराची शेवटी का? 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री घरात शिरली तेव्हा हॉलमधला जवळजवळ प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या मजल्यावर अडकलेला होता. ती फिल्म आधी लावली की पुढच्या फिल्म्स कुणी बघत नाही, प्रत्येक जण शेजाऱ्याला आपलं पाणी कुठवर आलं होतं ते सांगत बसतो. शेवटी लावा, दिवे लावा, आणि ते बोलणंच चर्चा म्हणून चालू द्या.

ती फिल्म फोनवर उभी काढली आहे म्हणून तुम्ही ती वगळायच्या विचारात होता, असं तुमच्या प्रश्नावरून वाटलं. वगळू नका. दोन्ही बाजूंना काळं राहू दे. मधल्या चित्राचीच धूसर आवृत्ती बाजूला पसरवायची ती न्यूज चॅनलची युक्ती मात्र करू नका, अंधारात ती डोळ्यांत खुपते. आणि 8 मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटत असेल तर दादासाहेब फाळक्यांना आठवा. आपल्या इथल्या कलाभवनात शिकलेला माणूस. 'राजा हरिश्चंद्र' 1913चा, पण त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीत मटार लावून त्याच्यासमोर कॅमेरा रोवला, महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि रोप उगवून वाढतं ते मिनिटभरात दाखवलं. ते बघून लोक पैसे लावायला तयार झाले. मटाराच्या रोपाला मिनिटभर पुरलं, तुमच्या पुराला 8 मिनिटं भरपूर झाली.

सेन्सॉरचं. इथे फार गैरसमज आहेत, म्हणून सरळ सांगते. सिनेमॅटोग्राफ कायदा 1952चा आहे आणि सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं. फिल्म छोटी आहे, फोनवर काढली आहे, तिकीट नाही, यातल्या कशानेही ती अट सुटत नाही. 'फुकट दाखवतोय, मग काय हरकत' हे वाक्य मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल. प्रमाणन मंडळाची, म्हणजे सेन्सॉर बोर्डाची, नऊ प्रादेशिक कार्यालयं आहेत, गुजरातेत एकही नाही, आपलं काम मुंबईकडे जातं. अर्ज ऑनलाइन होतो. दुसरी वाट महोत्सव म्हणून माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मागण्याची. त्यासाठी फिल्म्सची यादी आणि गोषवारा आधी पाठवावा लागतो, आणि कार्यक्रम बिगरव्यावसायिक असावा लागतो. पहिल्या खेळाला मी तुम्हाला तिसरी, जुनी वाट सुचवीन: एखाद्या नोंदणीकृत फिल्म सोसायटीशी जोडून घ्या आणि सभासद व निमंत्रितांपुरता खेळ ठेवा. निमंत्रणाची यादी खरीखुरी करा, दारात नावं बघा, रस्त्यावर फलक लावू नका. तरीही एखाद्या वकिलाला अर्धा तास दाखवून घ्या, तुमच्या ओळखीत एक तरी असेलच. पुढे फिल्म्स फिरवायच्या असतील तर प्रमाणपत्र काढूनच ठेवा, एकदाची कटकट संपते.

पार्श्वसंगीताकडेही बघा. आखाड्याच्या फिल्मला कुठल्या तरी सिनेमातलं गाणं लावलं असेल तर काढा. दंडबैठकांचा आणि मातीचा आवाज त्याहून चांगला आहे.

तिकीट नको. दारात डबा ठेवा, ज्याला टाकायचे तो टाकेल. डब्यात आलेल्या पैशांतून आधी फूलवालीच्या रिक्षाचं भाडं आणि तिचा बुडालेला धंदा द्या. संध्याकाळची वेळ तिच्या विक्रीची वेळ असते, हे फिल्म करणाऱ्याला माहीत असतं, आयोजक विसरतात.

आता यंत्रं. इथे मी लांबण लावणार आहे, कारण सत्तर टक्के खेळ इथेच बिघडतात (हा माझा अंदाज, कुणी मोजलेलं नाही).

हॉलवाला किंवा मंडपवाला तुम्हाला एलईडी वॉल घ्या म्हणेल. गरब्याला, लग्नाला तीच असते, उजेडातही झगझगीत दिसते, दर बरा पडतो. घेऊ नका. ती पी-3, पी-4 अशा नावांनी येते. पी-4 म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये 4 मिलिमीटर अंतर. 12 फूट रुंदीच्या भिंतीवर आडवे जेमतेम नऊशे ठिपके बसतात आणि तुमची फिल्म आहे 1920 ठिपक्यांची. पुढच्या तीन रांगांना माणसाचा चेहरा जाळीतून बघितल्यासारखा दिसेल. वाड्याच्या फिल्ममधला माजघरातला काळोख तर पार करपेल. साधा प्रोजेक्टर घ्या, साडेतीन ते पाच हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप), फुल एचडी. 'फुल एचडी चालतो' आणि 'फुल एचडी आहे' यात फरक आहे. चालतो म्हणणारे पुष्कळ प्रोजेक्टर आतून कमी ठिपक्यांचे असतात, म्हणून मूळ रिझोल्यूशन विचारा. 12 फूट रुंद पडद्याला साधारण 18 फूट मागे प्रोजेक्टर लागतो, लेन्सप्रमाणे थोडं मागेपुढे. म्हणजे तो प्रेक्षकांच्या मधोमध येतो. त्याच्या पंख्याचा आवाज असतो. त्याच्या शेजारच्या खुर्च्यांवर कानाने अधू आजोबांना बसवू नका.

एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे गेली की साध्या केबलमध्ये चित्र लुकलुकायला लागतं. लॅपटॉप प्रोजेक्टरजवळच ठेवा, आवाजाची तार लांब न्या. ती तार विजेच्या तारेला चिकटून गेली तर घूं असा आवाज येतो, मधे अंतर ठेवा, नाहीतर साउंडवाल्याकडून डीआय बॉक्स, म्हणजे ती घूं घालवणारी छोटी डबी, मागा. लॅपटॉप मुंबईहून आलेल्या मित्राचा असो की तुमचा, इंटरनेट बंद, स्लीप बंद, नोटिफिकेशन बंद. एकदा माझ्याच लॅपटॉपवरून खेळ चालू होता, पडद्यावर म्हातारी आपल्या गेलेल्या मुलाबद्दल बोलत होती आणि तिच्या कपाळावर उजव्या कोपऱ्यातून आलं, 'गॅस बंद केला का?' माझ्या नवऱ्याचा मेसेज. हॉल हसला. म्हातारी हॉलमध्ये होती.

फाइल्स. फोनवर काढलेल्या चित्रणात दर सेकंदाच्या फ्रेम्सची संख्या बदलती असते. फोनवर बघताना कळत नाही, पण एडिटिंगमध्ये तशीच घेतली तर पुढे पुढे ओठ आणि आवाज सुटत जातात. आधी सगळं स्थिर 25 फ्रेम्सवर आणा, मग कापा. झाली असेल फिल्म, तरी शेवटची दोन मिनिटं ओठांकडे बघत तपासा. आवाजाची पातळी ही दुसरी गोष्ट. एकाने टीव्हीच्या मापाने मिक्स केलेलं असतं, उणे 23 एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या पातळीचं माप) आसपास, दुसऱ्याने नेटसाठी उणे 14ला. पहिलीला लोक 'आवाज वाढवा' ओरडतात, वाढवला की दुसरी सुरू होताच कानठळ्या बसतात. चारही फिल्म्स एका पातळीवर आणून एकाच लांब फाइलमध्ये, मधे दहा सेकंदांचा काळा पडदा ठेवून जोडा. मग खेळ चालवणाऱ्याला फक्त एकदा बटण दाबायचं उरतं. तीच फाइल दोन पेनड्राइव्हवर ठेवा, एक तुमच्या खिशात, एक दुसऱ्याच्या.

आपल्या जुन्या हॉल्सना फरशी आणि उंच छत असतं, बोलणं घुमतं. माहितीपटात बोलणंच महत्त्वाचं. भिंतींना पडदे आणि पुढे सतरंज्या अंथरा. मुलं खाली बसतात आणि घुमणंही कमी होतं. रिकाम्या हॉलमध्ये तपासलेला आवाज भरलेल्या हॉलमध्ये बसका वाटतो, माणसं आवाज पितात. म्हणून तालमीत जरा जास्त ठेवा. स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, डोक्यावर नाही. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही आणि त्याच्या आधीसाठीही पोलिसांची परवानगी लागते, ती काढा.

सबटायटल कुठल्या लिपीत, हा बडोद्याचा खास प्रश्न. मराठी कळणारी पण गुजराती माध्यमात शिकलेली आपली मुलं देवनागरी अडखळत वाचतात. आजीला देवनागरी येतं पण तिला सबटायटल लागतच नाही, मराठी तिची आहे. फूलवाली गुजराती बोलते, संखेड्याचे कारागीर गुजराती, आखाड्यातले वस्ताद मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही भाषा एका वाक्यात. मी मराठी बोलण्याला गुजराती लिपीत गुजराती सबटायटल देते आणि गुजराती बोलण्याला काहीच देत नाही, बडोद्यात ते सगळ्यांना कळतं. इंग्रजी फक्त परगावी पाठवायच्या प्रतीत. दोन ओळींच्या वर नको, दोन भरलेल्या ओळींना सहा सेकंद द्या. आणि सबटायटल चित्रातच छापून घ्या, कारण दुसऱ्याच्या लॅपटॉपवर जोडाक्षरं फुटतात.

डिसेंबर निवडलात ते बरं केलंत. सोळा डिसेंबरच्या सुमारास कमुरता लागतात, म्हणजे आपला धनुर्मास, ते उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत. लग्नं नसतात, हॉल मोकळे असतात, भाव करता येतो, आणि परदेशातली बडोदेकर मंडळी घरी आलेली असतात. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौकात दाखवायचं तर पावणेसातला काळोख पुरेसा होतो. मला विचाराल तर हॉलपेक्षा चौक, पण उघड्या चौकातला खेळ सार्वजनिक होतो, म्हणून तो प्रमाणपत्र हातात आल्यावरच. सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय खात्यात शंभर वर्षांपूर्वी दृश्यशिक्षणाची वेगळी शाखा होती. पुस्तकांच्या लाकडी पेट्या जशा गावोगावी फिरायच्या, तसे तिचे मॅजिक लँटर्न आणि सिनेमाचे फुकट खेळ गावात व्हायचे. पडदा माणसांकडे जायचा. वाड्याची फिल्म त्या वाड्याच्या जागेसमोरच्या भिंतीवर दाखवलीत तर जे होईल ते कुठल्याही सभागृहात होणार नाही. फक्त विजेची जोडणी कुणाच्या घरातून घेताय त्यांना आधी विचारा, आणि त्यांच्याकडे त्या वेळी गिझर चालू नको.

खाणं खेळानंतर. सेव-उसळ वाटायची असेल तर बाहेर, चर्चेच्याही नंतर. लीलो चेवडो, आपला बडोद्याचा ओला चिवडा, तसा मऊ, दाताखाली आवाज करत नाही, पण त्याची पिशवी करते, आणि माहितीपटात माणसं थांबून थांबून बोलतात.

चर्चेचं शेवटी सांगते. दिग्दर्शकाला स्टेजवर आणि पात्राला खाली, असं बसवू नका. पहिला माइक पात्राला. फूलवालीला 'कसं वाटलं' विचारू नका, 'यात काय राहिलं' असं विचारा. मागे एका भाजीवाल्या मावशींना मी हे विचारलं तर त्या म्हणाल्या, मी पहाटे तीनला उठते ते याने दाखवलंच नाही, हा आला तेव्हा नऊ वाजले होते. दिग्दर्शक लाल झाला, आणि मग दोन महिन्यांनी पहाटे तीनला कॅमेरा घेऊन गेला. 'माझा प्रश्न नाही, थोडं मत मांडतो' असं म्हणून उठणारे एक सद्गृहस्थ प्रत्येक हॉलमध्ये असतात. त्यांच्या जवळ माइक नेणारी व्यक्ती खमकी असू दे, माइक तिने हातात धरून ठेवायचा, सोडायचा नाही. वाडा ज्यांनी विकला त्या कुटुंबातलं कुणी आलं असेल तर त्यांना कोपऱ्यात पाडून प्रश्न विचारू देऊ नका. विकण्यामागे सात भावंडांची वाटणी असते, ती चार लोकांत उसवायची नसते.

आणि पात्रांना पहिल्या रांगेत मधोमध बसवायचा मोह होईल, शाल-श्रीफळ देऊन. त्यापेक्षा दाराजवळच्या, कडेच्या खुर्च्या त्यांच्यासाठी ठेवा. स्वतःला एवढं मोठं बघताना कुणाकुणाला उठून बाहेर जावंसं वाटतं. तिथे तुमच्यापैकी एकाने पाण्याचा जग घेऊन उभं राहावं, आणि ते बाहेर आले तर काही न विचारता पेला पुढे करावा.